इंदुरात शाकाहारी खायला ढीगभर, जेवायचं काय?

तुअरडाळ | रविवार, दुपारी ३.४०

गेल्या सोमवारी रिपोर्ट आला. जीवनसत्त्व बी-१२ कमी, १४२; हिमोग्लोबिन काठावर. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शाकाहारी का?" म्हटलं, "हो, पूर्ण. अंडंसुद्धा नाही." "बरं, मग खाता काय?"

आता हा काय प्रश्न झाला? पण बाईंनी कागद पुढे ओढला आणि म्हणाल्या, काल सकाळपासून सांगा.

काल म्हणजे रविवार. सकाळी कोपऱ्यावरून पोहे-जलेबी आणली. दुपारी उशिरा पोळी, बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी, वाटीभर दही. पाचला चहा आणि शेव-परमल (मुरमुरे). रात्री मुलाचा हट्ट म्हणून सराफ्याची खाऊगल्ली: भुट्ट्याचा किस, गराडू (तळलेला कंद), तिघांत एक दहीबडा, शेवटी रबडी. सगळं सांगताना मला मनातून जरा अभिमानच वाटत होता, की बघा, किती प्रकार! बाईंनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, 'दही' आणि 'दहीबडा' या दोन शब्दांभोवती पेनानं गोल काढले आणि कागद माझ्याकडे फिरवला. म्हणाल्या, "अख्ख्या दिवसात कामाचं एवढंच. बाकी पीठ, साखर आणि तेल." (रबडीही दुधाचीच, हे मला घरी आल्यावर सुचलं. नेहमीप्रमाणे.)

घरी आल्यावर किराण्याचं बिल काढलं. २०२४ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं जी आहाराची मार्गदर्शिका काढली, तिच्यात दोन हजार कॅलरीच्या ताटाला दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं धरली आहेत. सोबत ३०० मिली दूध किंवा दही, ४०० ग्रॅम भाज्या, २५० ग्रॅम धान्य. आम्ही घरात चौघं: मी, नवरा, १६ वर्षांचा मुलगा आणि ७८ वर्षांचे सासरे. ८५ गुणिले ४ गुणिले ३०, म्हणजे महिन्याला दहा किलोच्या वर डाळ-कडधान्य. आमच्या बिलावर तूरडाळ २ किलो, मूगडाळ १, हरभरा डाळ अर्धा, मूग-मटकी मिळून अर्धा. एकूण चार किलो. आणि त्याच बिलावर खाली रतलामी शेव २ किलो, मिक्स्चर दीड किलो!

जन्म इंदूरचा, सासर इंदूरचं, आता लोकमान्य नगर. शाकाहारी माणसाला या गावात उपाशी राहावं लागलं असं कधी झालं नाही. पण आठवून बघा, बाहेर पडल्यावर वरण-भात, उसळ, कोशिंबीर असं काही समोर येतं का? मी बँकेत, नऊला घर सोडते, साताला परत. तेव्हा दोन प्रश्न. घरी डाळ-कडधान्य वाढवायचं कसं, रोज तीच आमटी न करता? आणि बाहेर खायची वेळ आली तर काय मागवायचं?

सासऱ्यांची अट आधीच सांगते: जिथे अंडं शिजतं तिथे नाना पाणीसुद्धा पीत नाहीत.

सराफा_रात्री_बारा | रविवार, सायंकाळी ४.१५

ताई, तुमचा हिशेब चुकलाय. शेव कशाची? बेसनाची. बेसन कशाचं? हरभरा डाळीचं. चार अधिक साडेतीन, झाली की साडेसात किलो डाळ! काय भिया, इंदूर उगाच नाही शेवेवर उभं राहिलं.

घोटीव_वरण | रविवार, सायंकाळी ५.०२

वरच्या महाशयांनी शेवेचं पाकीट उलटं करून मागचा बारीक मजकूर वाचावा. तिसऱ्या हिश्शाहून जास्त निव्वळ तेल असतं. म्हणजे साडेतीन किलोत सव्वा किलोच्या आसपास तेलच. मीठ वेगळं. शंभर ग्रॅम तूरडाळीत २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. तेवढीच शेवेतून काढायची तर किती शेव लागेल आणि त्याबरोबर काय काय पोटात जाईल, याचा हिशेब तुम्हीच मांडा.

बाकी शेवेशिवाय इंदूरकर जेवत नाही हे मान्य. माझे वडील श्रीखंडाच्या ताटातही कोपऱ्यात चिमूट घेत.

सुदामानगरकर | रविवार, रात्री ९.३०

तुमचं शीर्षक वाचून बरं वाटलं, कारण खाणं आणि जेवण हा फरक हल्ली कुणी करत नाही. आमच्या आजीच्या तोंडी दोन्ही शब्द कधी एकमेकांच्या जागी आले नाहीत. "खाऊन आलास का जेवून आलास?" असं विचारायची. कचोरी खाऊन आलो म्हटलं की पाट मांडायची.

मी आता सत्तरीत आहे. आमच्या लहानपणी सराफ्यात जायचं ते जेवून. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांपुढे खाण्याची दुकानं लागायची, आजही तसंच चालतं. रात्री साडेआठला घरी वरण-भात, पोळी-भाजी व्हायची, वडील पान लावायचे आणि महिन्यातून एखाद्या वेळी म्हणायचे, चला, राजवाड्याकडून फिरून येऊ. त्या फिरण्यात चौघांत मिळून दोन मालपुवे, नाहीतर अर्धा पाव रबडी. सराफा जेवणाचं शेपूट होतं. आता तेच अख्खं जेवण झालंय आणि वर पोरं म्हणतात, शाकाहारीच तर खाल्लं!

पोह्यांचं तेच. पोहे ही न्याहारी. मागून दहा-अकराच्या सुमारास घरोघरी जेवणं व्हायची, कचेरीत जाणारा माणूस पूर्ण जेवून निघायचा. आता दहाला पोहे आणि तीनला सँडविच. दोष पोह्यांचा नाही, मधलं ताट उचललं गेलं त्याचा आहे.

इंदूरच्या खाण्यात डाळीचं ताट नाही असंही नाही हो. दाल-बाफले काय आहे मग? तूरडाळीची दाट डाळ, आधी हळदीच्या पाण्यात उकडून मग शेकलेले बाफले, हिरवी चटणी, कढी. मात्र त्या बाफल्याला तुपाची आंघोळ घालतात, आणि दुपारी खाल्लात तर संध्याकाळ झोपेत जाते. रविवारचा पदार्थ तो.

तुअरडाळ | रविवार, रात्री १०.१०

सुदामानगरकर काका, 'जेवणाचं शेपूट' वाचून नाना खूप हसले. म्हणाले, यांना विचार कोणत्या शाळेत होते.

पुणे३०_ते_इंदूर | सोमवार, सकाळी ८.५५

दोन वर्षं झाली इथे येऊन. पुण्यात कुठल्याही पेठेत शिरलं की राइस प्लेट, उसळ, ताक असं काहीतरी मिळायचं. इथे पहिल्या महिन्यात मी चार किलो वाढलो आणि तरीही सतत भूक लागायची. कारण आत्ता कळलं.

एक जुनी तक्रार लगेहाथ नोंदवून घेतो: पोह्यात शेंगदाणे का नसतात तुमच्या? आणि गोड का?

सराफा_रात्री_बारा | सोमवार, सकाळी ९.०१

कारण ते पोहे असतात. तुमचा तो शेंगदाण्यांचा चिवडा पाणी पडून मऊ झालेला असतो.

पुणे३०_ते_इंदूर | सोमवार, सकाळी ९.०४

युद्ध पुकारलंत तुम्ही.

संपादक मंडळ | सोमवार, सकाळी ९.४०

पोहे या विषयावर आधीच चार धागे बंद करावे लागले आहेत. कृपया मूळ प्रश्नाला धरून लिहा.

साधा_डॉक्टर | सोमवार, रात्री ११.२०

ओपीडी संपवून लिहितोय, त्यामुळे थोडक्यात. उपचार तुमच्या डॉक्टरांचे, मी फक्त आकडे सांगतो.

बी-१२ वनस्पतीत नसतं. पालक, मोड, इडलीचं आंबवलेलं पीठ, स्पिरुलिना, यांपैकी कशावरही विसंबू नका. शाकाहारी ताटात ते येतं दूध, दही, ताक, पनीर यांतूनच. शंभर मिली दुधात साधारण ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम. आयसीएमआरनं २०२० मध्ये मोठ्या माणसाची रोजची गरज २.२ मायक्रोग्रॅम धरली. म्हणजे ३०० मिली दूध-दही रोज पोटात गेलं तरी निम्म्याच्या थोडं पुढे जाता. चहातलं दोन चमचे दूध यात मोजू नका. लोक तेही मोजतात. तेव्हा १४२ वर आलेला आकडा नुसत्या दह्यानं वर येणार नाही, त्याला औषधच लागेल. पथ्य पुढे तो पुन्हा पडू नये म्हणून.

दुसरं म्हणजे तुमच्या नानांना मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर त्यांचंही बी-१२ तपासून घ्या. ही औषधं ते शोषलं जाणं कमी करतात. म्हाताऱ्या माणसांच्या पायांना मुंग्या येतात, तोल जातो, आणि घरचे म्हणतात वय झालं.

आणि हिमोग्लोबिनसाठी: जेवणानंतर लगेच चहा पिऊ नका, तासभर जाऊ द्या. उसळीवर लिंबू पिळा. डाळीतलं लोह अंगी लागायला आंबट मदत करतं, चहा आडवा येतो.

तुअरडाळ | मंगळवार, सकाळी ७.१०

डॉक्टर, नानांना मेटफॉर्मिन १२ वर्षं चालू आहे. आणि पायांना मुंग्या येतात हे खरं. आम्ही ते थंडीवर ढकलत होतो. आजच तपासायला घेऊन जाते.

पाटावरवंटा | मंगळवार, दुपारी १.३०

डाळ वाढवायची म्हणजे आमटी दाट करायची, एवढंच लोकांना सुचतं. आपल्या आज्या डाळ कुठे कुठे लपवायच्या ते बघा की! थालीपीठाच्या भाजणीत हरभरा, उडीद, मूग. मेतकुटात तेच. अळूच्या पातळभाजीत हरभरा डाळ आणि दाणे. कोबीच्या भाजीत मूगडाळ. पडवळाच्या पोटात डाळ, कढीत गोळे, पुरणपोळीच्या दिवशी कटाची आमटी. चैत्रात आंबेडाळ, गणपती विसर्जनाला वाटली डाळ. मराठी स्वयंपाकातून डाळ काढली तर उरेल काय, भात आणि लोणचं.

नोकरीवाल्या बाईला रोज जमेल असं एक सांगते, वाटली डाळच. सणाचीच करायची असा काही कायदा नाही. सकाळी निघताना दोन वाट्या हरभरा डाळ भिजत घाला. संध्याकाळी पाणी पूर्ण निथळून मिरच्या आणि जिरं घालून भरड वाटा. गंध नको, बोटाला कण लागले पाहिजेत. आता पुस्तकी कृतीत इथे वाटीभर तेल ओततात. ते न करता वाटलेली डाळ कुकरच्या भांड्यात शिट्टी न लावता १२-१५ मिनिटं वाफवून घ्या, गार झाली की हातानं मोकळी करा, मग दोन चमचे तेलाच्या हिंग-मोहरी-हळदीच्या फोडणीत परता. मीठ, चिमूट साखर, लिंबू, खोबरं-कोथिंबीर. गरम असताना मोकळी करायला गेलात तर लगदा होतो, घाई नको. पोळीबरोबर भाजी म्हणून खा, दुसऱ्या दिवशी डब्यात न्या, दह्यात कालवून खा. चौघांत दोन वाट्या डाळ संपते आणि कुणाला डाळ खाल्ली असं वाटतही नाही.

मोडांचं म्हणाल तर आता इंदूरच्या थंडीत मटकीला दीड-दोन दिवस लागतात. फडक्यात बांधून गव्हाच्या डब्यात खुपसून ठेवा, लवकर येतात. शनिवारी एकदाच जास्त काढून फ्रीजमध्ये ठेवा, बुधवारपर्यंत चालतात.

घोटीव_वरण | मंगळवार, दुपारी २.०५

गव्हाचा डबा! वाचनखूण साठवली.

शेतातून | मंगळवार, रात्री ८.४५

इतका वेळ वाट पाहिली, कुणीच सोयाबीनचं नाव काढेना. अहो, माळव्यात बसून! आपल्या आजूबाजूला पावसाळ्यात नजर पोचेल तिथपर्यंत सोयाबीन असतं. देशाचं सोयाबीन संशोधन केंद्र १९८७ मध्ये आपल्याच इंदुरात सुरू झालं. सोयाबीनच्या दाण्यात जवळपास ४० टक्के प्रथिनं, २० टक्के तेल. आपण तेल खातो आणि बाकीची पेंड कोंबड्यांना आणि परदेशाला.

घरी वापरायचं तर कच्चं दळून घालू नका, ही चूक बरेच जण करतात. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारा एक घटक असतो, तो उष्णतेनं जातो. उकळत्या पाण्यात २०-२५ मिनिटं दाणे शिजवायचे, निथळून कडक उन्हात खडखडीत वाळवायचे, मग गव्हात घालून दळून आणायचे. नऊ किलो गव्हाला एक किलो. पोळीची चव बदलल्याचं आमच्या आईलाही कळलं नाही, आणि तिला पिठातला कोंडाही कळतो.

सोयाबडीचा रस्सा मुलाला आवडेल. फक्त बड्या गरम पाण्यातून काढल्यावर दोनदा घट्ट पिळा, तो वास त्या पाण्यातच असतो.

भंवरकुआं_मेस | बुधवार, रात्री १२.२५

मी इथे परीक्षेची तयारी करतोय, खोलीवर राहतो, टिफिन लावलाय. चार पोळ्या, सुकी भाजी, डाळ, भात. आमच्या डाळीत डाळ शोधायला टॉर्च लागतो. आठवड्यातून पाच दिवस बटाटा: आलू-मटर, आलू-गोभी, आलू-टमाटर, आलू-आलू.

मी टिफिनवाल्या आंटींशी तह केला. महिन्याला थोडे पैसे जास्त देतो आणि मंगळ, गुरु, शनि भाजीऐवजी छोले, राजमा किंवा आख्खे मूग. आधी नाही म्हणाल्या. मग मी अजून पाच पोरं जमवली. सहा जणांचं वेगळं पातेलं चढतं आता. आणि खोलीवर भाजलेले चणे ठेवतो, अर्ध्या रात्री भूक लागली की ते. सोळा वर्षांच्या दादालाही देत जा काकू, परमलच्या जागी चणे-परमल करून. शेव वरून दोनच चिमटी.

पाटावरवंटा | बुधवार, सकाळी ६.५०

अरे, जेवतोस ना वेळेवर? सुदामा नगर भागात कधी आलास तर निरोप टाक, डबा देईन.

हिरवा_ठिपका | बुधवार, सकाळी १०.१५

नानांच्या अटीबद्दल लिहितो, कारण आमच्याकडेही असेच एक आजोबा होते.

'शाकाहारी' पाटी बघून आत जायचं, एवढ्यानं भागत नाही. सराफा निर्धास्त. छप्पन दुकान या खाऊगल्लीत 'बेंजो' नावाचा प्रकार अंड्याचा असतो, बाहेरगावचे पाहुणे नाव ऐकून मागवून बसतात. पाकिटावरचा हिरवा ठिपका सगळ्यांना माहीत आहे, पण मांसाहाराची खूण आता तपकिरी ठिपका नसून तपकिरी त्रिकोण आहे. रंग नीट न कळणाऱ्यांनाही ओळखता यावी म्हणून आकारच बदलला. जेली, मार्शमेलो यांत जिलेटिन असू शकतं, ते जनावराचं. नव्या कॅफेंत पास्त्यावर पार्मेजान किसून देतात, अस्सल पार्मेजानला वासराच्या जठरातलं, दूध फाडणारं रेनेट लागतं. आपल्याकडचं हिरव्या ठिपक्याचं चीज चालतं.

चांदीच्या वर्खाचं मात्र आता मनातून काढून टाका. पूर्वी चांदी जनावराच्या कातड्या-आतड्यांच्या पानांत घालून कुटायचे, म्हणून आजोबा काजूकतली धुऊन खायचे. हो, नळाखाली. २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, नियमच केला की वर्ख बनवताना प्राण्यापासून आलेली कोणतीही वस्तू वापरायची नाही.

एक गंमत राहिली. बी-१२ च्या कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं. नानांना लागली तर डॉक्टरांकडून साधी गोळी लिहून घ्या.

पुणे३०_ते_इंदूर | बुधवार, सकाळी ११.३०

माझाही एक अनुभव. इथल्या एका बऱ्यापैकी महागड्या हॉटेलात मिश्र भाज्यांचं सूप मागवलं, निम्मं संपवलं, तेवढ्यात वेटर धावत आला: "सर, ये वाला नहीं." पाणी कोंबडीचं होतं. मी काही फार कट्टर नाही, पण त्या संध्याकाळी पुढचं काही गेलं नाही. तेव्हापासून सूप मागवतच नाही, आणि मागवलंच तर 'यात काय काय आहे' न विचारता 'पाणी कशाचं आहे' एवढंच विचारतो.

सुदामानगरकर | बुधवार, दुपारी ४.००

चातुर्मास पाळणाऱ्यांसाठी एक पुस्ती. कांदेनवमी झाली की आम्ही बाहेर 'जैन' सांगतो, कांदा-लसणाची कटकट मिटते. इंदुरात जैन वस्ती भरपूर असल्यामुळे कुठल्याही स्वयंपाक्याला समजावून सांगावं लागत नाही. फक्त जैन म्हटलं की बटाटा आणि गाजरही जातं, तेव्हा पावभाजीत कच्चं केळं आलं तर भांडू नये.

आणि उपासाच्या साबुदाण्याला पौष्टिक समजू नये. आमचं मोरधन (वरई) किंवा राजगिरा त्यापेक्षा कितीतरी बरा. हे आमच्या हिनं कानाशी बसून लिहायला लावलं आहे.

तुअरडाळ | तीन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ६.२०

धागा वर काढते. हालहवाल.

नानांचं बी-१२ माझ्याहून कमी निघालं, ११८. दोघांनाही औषध चालू. डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. मुंग्या अजून आहेत, पण रात्री पाय चोळून मागत नाहीत.

घरातला हिशेब: या महिन्यात डाळ-कडधान्य साडेसात किलो. दहा झालं नाही. वाटली डाळ तीनदा केली; पहिल्यांदा गरम असतानाच मोकळी करायला गेले आणि पाटावरवंटाताई म्हणाल्या तसा अगदी लगदाच झाला, त्याचे मग वडे थापून तव्यावर भाजले. मुलाला तेच जास्त आवडले! मटकी गव्हाच्या डब्यात एका रात्रीत हसली. सोयाबीनचे दाणे गच्चीवर वाळत घातले होते, अर्धे पोपटांनी नेले.

पोहे घरी करायला लागलो, इंदुरी पद्धतीनेच. संपादकांनी रागवू नये, हे मूळ प्रश्नाला धरूनच आहे. जाड पोहे चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळायचे, हळद-मीठ-साखर हातानं लावायची, आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर चाळणी ठेवून सात-आठ मिनिटं वाफ द्यायची. मोहरी, बडीशेप, धणे, मिरचीची फोडणी चमचाभर तेलाची, वरून. तेल कांदेपोह्यांपेक्षा कमीच लागतं. आणि पोह्यांवर ओतायची मटकीची पातळ उसळ. वर जीरावन (इंदुरी मसाला), कच्चा कांदा, लिंबू.

हे मला सुचलेलं नाही. राजवाड्याकडे एका ठेल्यावर पोह्यांवर उसळ घालून देत होते, 'उसल पोहा'. इंदुरात जन्म काढला आणि मी आजवर ते तिखट असतं म्हणून जलेबीकडे वळायची! उसळ आपलीच, पोहे यांचे, आणि वर आपल्याच भाषेतला शब्द ओरडत होता तो भय्या. बाहेर काय मागवायचं, या माझ्या प्रश्नाचं उत्तर साठ पावलांवर होतं. दुसरं सापडलं ते दहीबडा: उडदाची डाळ, वर घट्ट दही. सराफ्यात तो हवेत उडवून झेलतात ती प्लेट आता तिघांत एक नाही, एकेकाला एक. गराडू चौघांत एक.

शनिवारी सराफ्यात गेलो ते घरून मूगडाळीची खिचडी-कढी जेवून. काका, तुमच्या शेपटासारखं. नाना पण आले, किती वर्षांनी. अर्धा मालपुवा खाल्ला आणि म्हणाले, पूर्वी मोठा असायचा.

सराफा_रात्री_बारा | रविवार, सायंकाळी ६.४५

आणि शेव? किती किलोवर आली ते लिहिलं नाहीत.

तुअरडाळ | रविवार, सायंकाळी ७.१२

मी यादीत एक किलो लिहिलं होतं. किराणा आला तेव्हा दोन किलो होती. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "बाबूजी का फोन आया था."

भंवरकुआं_मेस | रविवार, रात्री ११.५५

पाटावरवंटा काकू, या गुरुवारी सुदामा नगरला येतोय. डबा रिकामा आणू की आमच्याकडचे छोले भरून आणू?